फेस आला की हाक मार

बर्च नॅरोज, मिनेसोटा
५ एप्रिल

धाकट्या,

तुला पोटभर आशीर्वाद, आणि तुझ्या घरातल्या सगळ्यांना आमची आठवण. पाकिटावर मी ‘श्री. गॅरेट हूकस्ट्रा’ असंच लिहिलंय, पोस्टातल्या माणसाचा घोटाळा नको म्हणून. आत मात्र मला म्हणायचं तेच म्हणणार. आपल्यात पाठच्या भावाला नावाने हाक मारत नाहीत, नात्याने मारतात. तुझ्या लेकीने, हेदरने, तुझा फोटो पाठवला. टक्कल पडलंय, पासष्टीला आलास, पण धाकटा तो धाकटाच.

आम्ही इकडे बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायला मला वेळ नाही. तळ्यावरचा बर्फ कडेकडेने काळा पडायला लागलाय. नातवाने परवा यंदाचं शेवटचं भोक पाडून तीन वॉलाय मासे आणले. दोन आम्ही खाल्ले, एक मेवीसला दिला. मेवीस म्हणजे माझी मैत्रीण, तोंडाने फार वाईट, मनाने बरी. अर्लीन शेजारीच राहते, आमच्या दोघींत एकच भिंत. तिचा टीव्ही मला ऐकू येतो आणि माझं घोरणं तिला. अर्लीन तुझी मधली बहीण. मी थोरली, फिलोमीन. तुला हे सांगावं लागतंय याचं मला हसू येतं, पण सांगावं तर लागणार.

तुझा पत्ता कसा मिळाला ते हेदरने तुला सांगितलं असेलच. तुझ्या लेकीने तिकडे थुंकी नळीत घालून पाठवली, आमच्या कियानाने इकडे पाठवली, आणि कंपनीवाल्यांनी कळवलं की या दोन थुंक्या एकाच घरातल्या. कियाना माझी नात, चित्रं काढते. मी म्हटलं, आपली आजी असती तर तिने तुझे कान बघून सांगितलं असतं, एवढं थुंकायची काही गरज नव्हती. हेदर म्हणते, तुला हे सगळं पटलेलं नाही आणि तुला न विचारता केलं म्हणून तू रागावलास. रागाव बाबा. राग आला म्हणजे माणूस जागा आहे.

आता खरी बातमी. मी पुस्तक केलंय!

हसू नकोस. सहावीत शाळा सुटलेली बाई मी. या पत्रात चुका दिसतील त्या तुझ्या तू सुधारून घे. आमच्या इथल्या शाळेत रसेल मास्तर आहेत. मुलांना आपल्या आदिवासी भाषेत वाचायला काही नाही म्हणून ते चित्रांची पुस्तकं काढतात. म्हाताऱ्यांनी सांगायचं, तरण्यांनी रंगवायचं. पाणकोंबडीच्या पाठीवर बसून फिरणाऱ्या पिल्लाचं एक झालं. रानतांदूळ झोडायला गेलेल्या मायलेकींचं एक झालं. एका आजोबांचं झालं, ते जाळ्यातला पहिला मासा नेहमी शेजाऱ्याला देतात आणि शेवटी स्वतःला मासा उरत नाही तेव्हा सगळं गाव ताट घेऊन येतं. ते वाचून पोरं नाचतात. या वर्षी मास्तर माझ्याकडे आले. मी म्हटलं, “माझ्याकडे कसली गोष्ट? मी बिंगो खेळते आणि झोपते.” तर मेवीस म्हणते कशी, “अगं, तुझं तोंड सत्तर वर्षं फुकट चाललंय, एकदा तरी कामाला लाव.”

मग मी साखरेची गोष्ट सांगितली. मेपलच्या रानात आपली आजी दर वसंतात हंडा टांगायची, त्याची. झाडाला खाच पाडायची, खाली भूर्जाच्या सालीचे द्रोण लावायचे, थेंब थेंब रस जमवायचा, आणि दिवसभर आटवायचा. पण उकळता रस फसवा असतो. आता गप्प, आता गप्प, आणि डोळा चुकवून फेस असा काही वर येतो की निम्मा रस जाळात. त्यासाठी फरच्या झाडाची डहाळी लागते. फेस चढला की डहाळी त्यात बुडवून फिरवायची, फेस खाली बसतो. डहाळी आजीच्या हातात नसायची, माझ्याही नाही. ती घरातल्या सगळ्यात लहान पोराकडे. लहान पोराला दुसरं काही येत नाही, पण टक लावून बघत बसायला त्याच्यासारखं कोणी नाही. फेस चढला की त्याने ओरडायचं, “आला! आला!” आणि डहाळी फिरवायची. मग पहिली साखर त्याला, कारण ती त्याने वाचवली. पुस्तकाचं नाव तेच ठेवलंय, ‘फेस आला!’

गोष्टीत एक आजी आहे, दोन बहिणी आहेत आणि एक चार वर्षांचा मुलगा. त्याचे कान मोठे म्हणून सगळे त्याला वाबूझ म्हणायचे. वाबूझ म्हणजे ससा.

तो तू.

कियानाने सगळं रंगवून ठेवलंय. आजीचा हिरवा रुमाल, धूर, बर्फातले आमचे बूट. मुलगा तेवढा पेन्सिलीचा आहे. पानापानावर कच्चा, रंगाशिवाय. कारण मेवीस म्हणाली, आणि बरोबर म्हणाली, की गोष्टीतलं माणूस हयात असेल तर गोष्ट एकट्या सांगणाऱ्याची नसते. त्याला विचारल्याशिवाय पुस्तकात बसवायचं नाही. मे महिना सरायच्या आत छापायला द्यायचंय. तू नाही म्हणालास तर कियाना खोडरबर घेईल आणि गोष्ट दोन बहिणींची होईल. डहाळी अर्लीनच्या हातात देऊ. तशीही गोष्ट होते, खोटी नाही, फक्त लंगडी.

अर्लीन म्हणते, “तो नाही यायचा, नाही बोलायचा, तू उगाच जीव टांगून ठेवू नकोस.” तिला तुझा राग नाही हं. तिला आशेचा राग आहे.

पाकिटात लाल फडक्याची पुरचुंडी आहे. त्यात तंबाखू आहे, चिमूटभर. आपल्यात काही मागायचं असलं की आधी ती पुढे करतात. ठेवून घेतलीस तर मी ‘हो’ समजेन. ‘नाही’ असेल तर परत पाठव, मी रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण तुला कळवणार नाही.

साखरेच्या त्या दिवसांनंतर काय झालं ते पुस्तकात नाही. इथेही नको. आज ऊन छान पडलंय.

तुझी ताई,
फिलोमीन


बर्च नॅरोज
२ मे

धाकट्या, अरे धाकट्या!

खुशाली नंतर विचारते. आधी मला हसून घेऊ दे. तुझं पत्र आल्यापासून मी हसतेय, माझ्या बरगड्या दुखायला लागल्यात.

तू लिहितोस, ‘माननीय मिसेस बोशे.’ अरे, मी तुझी ताई आहे की कोर्टातली बाई? पुढे लिहितोस, ‘आपले पत्र बरेच लांब होते. शेवटच्या पानापर्यंत पोचण्यापूर्वी माझ्या पत्नीने पुरचुंडी उघडली. मी बऱ्याच वर्षांपूर्वी धूम्रपान सोडले आहे. तंबाखूने कीड जाते असे तिच्या आईचे म्हणणे असल्याने तिने ती जिरेनियमच्या कुंडीत मातीला घातली. परत पाठवता येत नाही याबद्दल क्षमस्व.’

मी हे दुपारच्या जेवणाला सगळ्या म्हाताऱ्यांसमोर वाचून दाखवलं. गावच्या सभागृहात आम्हाला रोज जेवण असतं, त्या दिवशी रानतांदळाचं सूप होतं. सगळ्यांचे चमचे थांबले. कारण धाकट्या, तंबाखू घेतली की ती मातीलाच द्यायची असते! झाडाच्या बुंध्याशी, मातीत. ओढायला कोण देतंय तुला? शेकडो मैलांवर, कधी न पाहिलेल्या तुझ्या मार्लीसने नेमकं तेच केलं, आणि तेही किडीसाठी!

मेवीस म्हणाली, “झालं. घेतली आणि मातीला दिली. ‘हो’ म्हणाला तो. रंगव गं कियाना.”

अर्लीन म्हणाली, “त्याने नाही दिली, बायकोने दिली.”

“मग काय झालं? माझा नवरा जिवंत असताना त्याच्या वतीने सगळ्याला ‘हो’ मीच म्हणायचे.”

“म्हणूनच तो लवकर गेला.”

यावर इतका दंगा झाला की स्वयंपाकीण बाहेर आली. शेवटी ठरलं असं की कुंडीचं ‘हो’ ते कुंडीचं. तुझं तोंडचं हवं. रसेल मास्तर छापणाऱ्याकडून आणखी थोडे दिवस मागून घेणार आहेत.

तू लिहितोस, तुला काहीही आठवत नाही. हंडा नाही, आजी नाही, आम्ही नाही. ‘आपण मला दुसराच कोणीतरी समजत असाल.’ ते वाचून अर्लीन उठून तिच्या घरात गेली आणि टीव्ही मोठा केला. मी मात्र पान उलटलं, कारण मी पान उलटणारी बाई आहे. मागे वेगळ्या अक्षरात मार्लीसने चार ओळी लिहिल्या होत्या. तुला माहीत तरी आहे का तिने काय लिहिलंय? सांगते. ‘ताई, (बघ, ती मला ताई म्हणाली!) यांना काही आठवत नाही हे खरं आहे. पण एक गंमत आहे. दर नाताळला फरचं झाड घरात आणलं की हे चमचा घेऊन पाकाची बाटली शोधतात. मुलं लहान असताना यावरून चिडवायची. का, ते यांनाही सांगता येत नाही. तुमचं डहाळीचं वाचून माझ्या अंगावर काटा आला.’

धाकट्या, मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. भिंतीपलीकडून अर्लीन ओरडली, “पडलीस का?” मी म्हटलं, “पडले नाही, ये इकडे!” तिने ते चार वेळा वाचलं. चष्मा काढून वाचलं, चष्मा घालून वाचलं. मग म्हणाली, “फरचा वास बऱ्याच लोकांना आवडतो.” आणि माझ्या खुर्चीत बसून राहिली, जेवून गेली, भांडी घासून गेली. ती माझी भांडी कधी घासत नाही.

अरे, उकळत्या रसात बुडलेल्या फरचा वास! तो नाकात बसला की जातो कुठे? शाळा, चर्च, तू इतकी वर्षं चालवलीस ती दुधाची मोटार, सगळं त्याच्या वर रचलं गेलं. तो तळाशीच राहिला, जसा हंड्याच्या तळाशी पाक.

बर्फ गेला. बदकं आली. माझ्या गुडघ्याला कियानाने कसलंसं मलम आणलंय, त्याला अस्वलासारखा वास येतो, नातू जवळ बसत नाही. यंदा अळंबी बरी आहेत म्हणतात. तुमच्याकडे मका पेरून झाला का?

मी इकडचं तिकडचं लिहितेय हे तुला कळलंच असेल. तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी वाचली. वाचून साखरेच्या डब्याखाली ठेवली होती. आज काढली. ‘हे सर्व खरे असेल, तर मग तुम्ही मला देऊन का टाकलेत?’

कोणी दिलं नाही रे तुला.

आई छातीच्या दुखण्याने इस्पितळात होती. आम्ही तिघं आजीजवळ होतो, साखरेच्या रानात, ताडपत्रीच्या आडोशाला. एक गाडी आली. त्यातून एक बाई उतरली, तिच्या हातात हातमोजे होते, घातलेले नव्हते, हातात धरलेले. तिने आजीला विचारलं, नळ कुठे, पलंग किती. आजीला तिची भाषा अर्धी कळत होती. मला वाटतं, आजीला वाटलं बाई मुलांसाठी डॉक्टर पाठवणार आहे. तिने त्या बाईला खायला साखर दिली. बाईने ती घेतली नाही. बाईबरोबरच्या माणसाने तुला उचललं. तूच सगळ्यात लहान, लहानाला घर लवकर मिळतं, असं ते पुढे कधीतरी आईला म्हणाले. आई उन्हाळ्यात उठून बसली तशी त्यांच्या कचेरीत जात राहिली, या दारातून त्या दारात. तू कुठे आहेस ते तिला कोणी सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही तिच्या उशाशी तुझा एक बूट होता. दुसरा तुझ्या पायात गेला.

गाडी वळली तेव्हा तू मागच्या काचेतून आमच्याकडे बघत नव्हतास. तू हंड्याकडे बघत होतास. तुझं तोंड उघडं होतं. काच बंद होती, पण काय ओरडत होतास ते मला कळलं, आणि आमच्यापैकी एकीनेही मागे वळून हंड्याकडे पाहिलं नाही. सगळा रस जाळात गेला. जळक्या साखरेचा वास रानात किती दिवस होता! आजीने हंडा उतरवला, घरी आणून छपरामागे पालथा घातला आणि पुन्हा कधी सुलटा केला नाही. साखर आम्ही पुढे केली, दुसऱ्या भांड्यांत केली, पण त्या हंड्यात नाही. तो अजून तिथेच आहे. आता त्याच्यावर शेवाळ आहे.

हे मी कियानाला सांगितलेलं नव्हतं. तिने विचारलं होतं, “आजी, मग मुलाचं पुढे काय झालं?” मी म्हटलं, “पुढचं पान रंगव.”

पुस्तकात गाडी नाही. ते लहान मुलांचं पुस्तक आहे, आणि त्यांच्या वाट्याला गाडी यायची नाही असं मला त्यात लिहायचंय. पण मुलगा हवा. मुलाशिवाय त्या हंड्याकडे बघणार कोण?

पाचव्या पानाची नक्कल पाठवतेय. पेन्सिलीचा आहेस त्यावर तू. बघ आणि काय ते कळव. ‘नाही’ लिहिलंस तरी कळव. पालथ्या हंड्यापेक्षा ते बरं.

तुझीच थोरली


बर्च नॅरोज
२८ सप्टेंबर

माझ्या डावखुऱ्या भावा,

आशीर्वाद, आशीर्वाद, आणि हे पुस्तक! आधी पुस्तक उघडायचं, पत्र मागून. मला माहितेय तू आधी पत्रच वाचतोयस. मार्लीस, त्याच्या हातातून हे काढून घे.

तुझं उत्तर आलं तो दिवस मी मेवीसला इतक्यांदा सांगितलाय की ती आता मला बघून रस्ता बदलते. तर तुलाच सांगते. पाकीट मोठं होतं. हातात घेतलं तेव्हाच कळलं, तू चित्र परत पाठवलंस. मी मनात म्हटलं, संपलं. कियानाला फोन केला, म्हटलं, “खोडरबर घेऊन ये.” अर्लीन दारात उभी. उघडलं तर तेच पाचवं पान. वर पत्र नाही, ‘माननीय’ नाही, काही नाही. फक्त निळ्या शाईचा एक बाण, मुलाच्या हाताशी. आणि बाणापाशी लिहिलेलं: ‘डहाळी चुकीच्या हातात आहे. मी डावखुरा आहे.’

पहिल्यांदा मला कळेचना. मी म्हटलं, “याला चित्रात खोड काढायचीय का?” कियाना मात्र हसायला आणि रडायला एकदमच लागली. म्हणाली, “आजी! ‘तो मुलगा’ नाही लिहिलं. ‘मी’ लिहिलंय.”

आणि अर्लीन, जी मनातलं कधी काही बोलत नाही, जिने तीन महिने माझ्या आशेला टाचेखाली धरलं होतं, तिने उजव्या हाताची बाही वर केली. कोपराखाली तिला एक डाग आहे, मसुराच्या डाळीएवढा, चकचकीत. मी तो आयुष्यभर पाहत आलेय, मला वाटायचं तो चुलीचा. ती म्हणाली, “याने केलाय. आजी सांगायची, याच्या डाव्या बाजूला बसू नकोस, हा डाव्या हाताने डहाळी फिरवतो, गरम थेंब उडेल. मी बसले.”

मी म्हटलं, “इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“कुणाला सांगू? ज्याने उडवला तो नव्हता.”

मग आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या डागाकडे बघत बसलो. मी कशी विसरले रे? कान लक्षात राहिले, ओरडणं लक्षात राहिलं, हात विसरले. कियानाने खोडरबर काढलं, त्याच दिवशी, माझ्याच टेबलावर. पण पुसला तो फक्त हात. उजवा पुसला आणि डावा काढला. मग रंगाचं पाणी मागितलं आणि संध्याकाळपर्यंत तू पेन्सिलीचा राहिला नव्हतास. तुझ्या टोपीला तिने लाल रंग दिलाय. टोपी निळी होती. तुला आठवलं तर तूच बाण काढ.

परवा शाळेत पुस्तकाची मेजवानी झाली. हरणाचं मटण, रानतांदूळ, तळलेल्या भाकऱ्या, आणि मेवीसने केलेला केक, तो कुणी संपवला नाही. रसेल मास्तरांनी वाचलं. पहिल्यांदा पोरं गप्प होती. पाचव्या पानावर एक बुटकी मुलगी उठून उभी राहिली आणि किंचाळली, “आला! आला!” मग काय, सगळी शाळाच ओरडायला लागली. बाजूला खरा चहा उकळत होता, तो खरंच उतू गेला, कारण सगळे पुस्तकातला हंडा बघत होते! मास्तर म्हणाले, “फिलोमीन, तुमचं पुस्तक धोक्याचं आहे.” मी इतकी फुगले की अर्लीनने मला खुर्चीत दाबून बसवलं.

एका पोराने विचारलं, “तो वाबूझ खरा आहे का? आता कुठे आहे?” मी म्हटलं, “खरा आहे. आयोवात आहे. त्याच्याकडे मोठी मोटार होती.” त्याला मोटारीचंच कौतुक. म्हणाला, “मग तो येऊ शकतो की.”

पोरांना सगळं सोपं वाटतं. कधीकधी असतंही.

पुस्तक आपल्या भाषेत आहे, खाली बारीक अक्षरात इंग्रजी आहे. पहिल्याने बारीक अक्षरांकडे बघू नकोस. चित्रांवर बोट ठेव. हंडा, जाळ, बर्फ, आजी. शब्द मार्लीसला म्हणायला लाव, चुकली तर हसा. आणि मागची बाजू बघ. शाळेने तिथे छापलंय: ‘वय वर्षे चार ते सात.’ मी ते पाहिलं तेव्हा मास्तरांना म्हटलं, हे मात्र तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत. तू गेलास तेव्हा चार वर्षांचा होतास. आपण तिथूनच धरू. घाई नाही. सात वर्षांचा होईपर्यंत वेळ आहे तुला.

आता एकच सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात अर्लीन दिसेना. टीव्ही बंद. मी घाबरून मागे गेले, तर छपरामागे बाई गुडघ्यांवर बसलेली, हातात वाळू आणि चिंध्या, आणि हंडा उताणा. शेवाळ काढत होती. आतला जळका थर अजून होता रे, काळा, खडकासारखा. मी म्हटलं, “हात दे, मी घासते.” म्हणाली, “तुझा गुडघा घेऊन घरी जा.” पण मी गेले नाही. आम्ही दोघींनी घासला. तीन दिवस लागले. तळाशी एवढासा डाग राहिलाय, तो निघत नाही. तो राहू दे असं ठरलं.

मार्च सरता सरता रस वाहायला लागेल. रात्री गोठायला हवं आणि दिवसा ऊन हवं, तेव्हा. त्यावेळी फोन करेन. मोटार घेऊन ये. त्या रानातून एक गाडी गेलीय, आता एक आली म्हणजे बरोबरी नाही व्हायची, पण रस्त्याला तरी कळेल. तुझ्या डाव्या बाजूला अर्लीन बसणार म्हणते. मी सांगून पाहिलं, ऐकत नाही. दुसरा डाग हवाय तिला.

सोबत पुन्हा लाल पुरचुंडी आहे. मार्लीसला सांग, जिरेनियमला चालेल.

डहाळी मी तोडणार नाही, ती तू तोडायची. जाळ मी घालीन, रस अर्लीन ओतेल. आम्ही दोघी हंड्याकडे पाठ करून बसणार आहोत, मुद्दाम, आणि गप्पा मारणार आहोत. बघायचं काम आमचं नाही. फेस आला की हाक मार.

हंड्याशी बसलेली,
तुझी ताई